पाटावरची सुरी

खंडेनवमीला हत्यारांना सुट्टी, हा आईचा कायदा होता आणि तो जेद्दातही लागू होता. नवमीला संध्याकाळी ती पाट मांडायची. विळी, कात्री, बाबांचे दोन पाने, स्क्रू ड्रायव्हर, शिलाई मशीनची सुई, माझा कंपास, सगळं धुऊन-पुसून ओळीने ठेवायची आणि हळदकुंकू वाहायची. मग दुसऱ्या दिवशी दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. कांदा चिरायचा नाही, दोरा तोडायचा तर दातांनी. "वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस तरी आराम नको त्यांना?" असं ती इतक्या कळवळ्याने म्हणायची की विळीलासुद्धा भरून येत असेल. स्वतः आईला मात्र त्या दिवशी आराम मिळाल्याचं माझ्या आठवणीत नाही.

आमचे देव बेडरूमच्या कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांच्या वरच्या कप्प्यात राहत. पाट कपाटाच्या पायाशी. आरती आम्ही पुटपुटत म्हणायचो आणि टाळ्या दोन बोटांनी वाजवायचो. आरती अशीच म्हणतात अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. पुढे नाशिकला गणपतीत झांजा-ढोलकीसकट आरती ऐकली तेव्हा मी कानांवर हात ठेवले, आणि आत्या म्हणाली, "आली बाई परदेशची महाराणी!" जेद्दातलं आमचं घर शराफिया मोहल्ल्यात, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतल्या एसीची खडखड, खाली पाण्याच्या टँकरचा पंप, आणि चार मशिदींमधून एकापाठोपाठ एक, थोड्या मागेपुढे, उठणारी बांग. सकाळी खालच्या भट्टीतून रोटीचा वास वर यायचा आणि आमच्या स्वयंपाकघरातून सिन्नरच्या काळ्या मसाल्याचा वास खाली जायचा. आईचा मसाला वर्षाचा वर्षाला सामानातून यायचा आणि ती तो औषधासारखा मोजून वापरायची.

बाबा समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात पंपांवर इंजिनिअर होते. बोलणं कमी. त्यांना यंत्र आवडायचं, आणि यंत्रासारखं नीट, मुकाट काम करणारी माणसं आवडायची. त्याच कारखान्यातल्या भांडारावर अबू सालेम होता. तायफच्या बाजूच्या डोंगरपायथ्याचा बदू, म्हणजे वाळवंटातल्या टोळीवाल्यांपैकी, उन्हाने काळवंडलेला, हसला की सगळा चेहरा सुरकुत्यांनी भरायचा. त्याच्या विहिरीवरचा पंप बाबांनी एकदा शुक्रवारभर बसून दुरुस्त करून दिला, तेव्हापासून तो बाबांना कधी नावाने हाक मारेना. बाबा 'मुहंदिस', म्हणजे इंजिनिअर, आणि मी 'बिंत मुहंदिस', इंजिनिअरची पोर. बाबांना चाळीसेक अरबी शब्द येत होते, त्याला वीसेक हिंदी. उरलेलं दोघं हातांनी बोलायचे. त्या दोघांइतकी पक्की दोस्ती मी पुढे आयुष्यात फार थोडी पाहिली, आणि ती पाहिलेली असल्यामुळेच पुढचं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

अबू सालेमकडे नूरा होती. सलूगी जातीची, पिवळसर पांढरी, लांब तोंडाची, पोट आत गेलेली. तिला कुत्री म्हटलेलं त्याला चालायचं नाही. "कल्ब नाही, सलूगी!" असं तो बोट उगारून मला बजावायचा. ती त्याच्या सतरंजीवर झोपायची आणि त्याच्या हातून खजूर खायची. पळायला लागली की तिचे पाय दिसायचे नाहीत, नुसती धूळ दिसायची. माझ्याशी तिचं काय जमलं होतं कुणास ठाऊक. मी जीपमधून उतरले की ती येऊन आपलं थंड नाक माझ्या कोपरात खुपसायची आणि तसंच ठेवायची. अकरा वर्षांच्या, भाऊबहीण नसलेल्या, फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलीला आणखी काय हवं असतं?

शिकारीला, म्हणजे सशांमागे, बाबांना त्यानेच नेलं. दोनतीनदा नेल्यावर म्हणाला, येतोस तर स्वतःची सुरी घे. शिकारीत दुसऱ्याची सुरी मागायची नसते, त्याच्याकडे ते कमीपणाचं समजत. म्हणून एका शुक्रवारी आम्ही तिघं गुरांच्या बाजारात गेलो. बकऱ्यांच्या आणि उंटांच्या गर्दीला वळसा घालून मागे एक म्हातारा निळ्या ताडपत्रीवर सुऱ्या मांडून बसला होता. मला लगेच एक आवडली. वाकडी, चांदीच्या मुठीची, लाल खडा बसवलेली. बाबांनी ती हातात घेतली, परत ठेवली. "ही भिंतीवर लावायची, शुभे. आपल्याला कामाची हवी." मग ते त्यांच्या पद्धतीने कामाला लागले. एकेक सुरी उचलायची, मूठ आणि पातं जिथे मिळतात तिथे खाली एक बोट धरून तोलायची. पात्यावर नखाने टिचकी मारून ते कानाशी न्यायचं. "ऐक. तडा असेल तर आवाज बसका येतो." मलाही ऐकवायचे. धार अंगठ्यावर आडवी फिरवायची, उभी कधीच नाही. म्हातारा आधी वैतागला, मग त्याला मजा वाटू लागली, शेवटी त्याने बाबांना चहा पाजला.

दोन उरल्या. दोन्ही साध्या, सरळ, वीतभर पात्याच्या. बाबांनी डोळे मिटले आणि मला म्हणाले, "एकेक माझ्या हातात दे." मी दिली, काढून घेतली, दुसरी दिली, परत पहिली दिली. दुसऱ्या खेपेला त्यांची मूठ मिटली ती उघडलीच नाही. डोंगरातल्या रानऑलिव्हच्या काळपट लाकडाची मूठ, सांध्याला पितळेचं कडं. "आता तू धर," म्हणाले. "तुझ्याही हातात बसली पाहिजे." मी धरली, आणि परत देताना पातं त्यांच्याकडे केलं. त्यांनी माझं मनगट धरून हलकेच ती फिरवली. "मूठ समोरच्याकडे, पातं आपल्याकडे. सुरी कुणालाही देताना लागलं तर आपल्याला लागावं." अबू सालेमला मराठी कळत नव्हतं, पण त्याला हे कळलं. त्याने मान डोलावली. म्यान त्यानेच करून आणलं, आपल्या चुलतभावाकडून. उंटाच्या चामड्याचं, लाकडासारखं कडक, वरून मुठीवर येणारी झापड आणि तिला टिचबटण. ते लावताना येणारा 'टिच' असा आवाज मला इतका आवडायचा की मी उगाचच उघडझाप करत बसायची.

त्या सुरीवर बाबांचा जीव बसला. असं वस्तूंवर जीव लावणाऱ्यांतले ते नव्हते. दर गुरुवारी धारेचा दगड ओला करून ते खिडकीपाशी बसायचे. पातं दगडावर एका बाजूने दहा वेळा, दुसऱ्या बाजूने दहा वेळा. मग तेलाचं बोट. त्या सर्र सर्र आवाजात मी गृहपाठ करायची. शिकारीत वाटणी ठरलेली होती. ससा नूरा पकडायची, अल्लाचं नाव घेऊन अबू सालेम त्याच्या सुरीने तो कापायचा, आणि सोलणं-साफ करणं बाबांकडे. कातडं अंगातून शर्ट काढावा तसं अलगद निघायचं. मला किळस यायला हवी होती, पण नाही आली. घरी आई नाक मुरडत तो ससा घ्यायची आणि त्याचा काळ्या मसाल्यातला असा रस्सा करायची की अबू सालेम डोळ्यांतून पाणी काढत, "नार! नार!" म्हणजे आग, आग, असं ओरडत तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा. एकदा बाबांनी त्याच सुरीने कलिंगड कापलं तर आईने ते खाल्लं नाही. बाकी वर्ष ते असं सुखात गेलं. त्याला सुख म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं इतकंच.

त्या वर्षी नवमी गुरुवारी आली. बाबा दुपारपाळीला होते, रात्रीच येणार. आई पाट मांडत होती आणि माझ्या डोक्यात आलं, अरे, आपल्या घरात खरं हत्यार आहे ते तर राहिलंच. पाने आणि सुईची पूजा आणि सुरीची नाही? शिकारीची पिशवी दारामागेच असायची. मी सुरी काढून आणली. आई खूश झाली. "बरं सुचलं तुला. म्यान नको पण. चामडं नको पाटावर." मग मी बाबांच्या पट्ट्यात ओवलेलं म्यान पिशवीत परत ठेवलं. ठेवताना सवयीने झापड खाली घेतली आणि टिचबटण लावलं. टिच. आईने सुरीला कुंकवाचं बोट लावलं, मी झेंडूऐवजी कागदाचं फूल वाहिलं. मग सोनेरी कागदाची आपट्याची पानं आम्ही एका ताटलीत रचून ठेवली. ती मी नवमीच्या आधीच कापली होती, नाहीतर कात्री सुट्टीवर. बाबा आले तेव्हा मी झोपलेली होते.

शुक्रवारी उजाडल्या-उजाडल्या खाली पिकअपचा भोंगा. परवा डोंगरात पाऊस झाला होता. दोन दिवसांत बारीक हिरवळ फुटते आणि ससे उघड्यावर येतात. अबू सालेम खालून हात हलवत होता. "यल्ला, मुहंदिस!" आई म्हणाली, "अहो, दसरा आहे. आरती राहिलीय." बाबा बूट घालत म्हणाले, "दुपारी येतो ना. आल्यावर करू." त्यांनी पिशवी उचलली, मी माझ्या चपला उचलल्या, आणि आम्ही निघालो. पुढे पिकअप, मागच्या भागात उभी राहून वारा खाणारी नूरा, मागे आमची जीप.

शहरातली शेवटची इमारत मागे पडली तिथे मला आठवलं. मागच्या सीटवरच्या पिशवीतून बाबांचा पट्टा डोकावत होता, त्यात म्यान ओवलेलं, बटण लावलेलं, आणि आत काही नाही. पाट डोळ्यांसमोर आला. मी तोंड उघडलं. "बाबा..." ते काहीतरी गुणगुणत होते. बाबा गुणगुणत, म्हणजे वर्षातून दोनदा होणारी गोष्ट. सांगितलं तर ते गाडी वळवणार. घरी गेलं की आई म्हणणार, आरती झाल्याशिवाय उचलायची नाही, आता आलाच आहात तर बसा. आणि ससा, डोंगर, नूराचं नाक, सगळं राहणार. "काय गं?" त्यांनी विचारलं. "पाणी," मी म्हणाले. त्यांनी बाटली दिली. मी प्यायले. मला तहान नव्हती.

त्या दिवसाबद्दल मी स्वतःशी पुष्कळ वकिली केलेली आहे. अकरा वर्षांची होते. सोलायलाच तर लागते सुरी, ते घरीही करता येतं. कुणाला माहीत होतं? हे सगळं खरं आहे आणि ते बाटलीतल्या त्या पाण्याच्या घोटापुढे टिकत नाही.

वाडी म्हणजे कोरडं नदीचं पात्र. आमची नेहमीची वाडी दोन उघड्या टेकड्यांमधून जाते. अबू सालेमने पिकअप खाली पात्रात, काटेरी झाडाच्या सावलीत लावली. बाबांनी जीप वर काठावर ठेवली. पंपांच्या माणसाला पाण्याच्या वाटेत काही ठेवणं पटत नसे, जरी ती वाट कोरडी असली तरी. "मुहंदिस भितो," असं अबू सालेम दरवेळी हसायचा. बाबांनी पट्टा घाईघाईत कमरेला लावला. मी पाहत होते. त्याच पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा होता, टॉर्च होता. त्यांनी म्यानावरून हात फिरवला, बटण लावलेलं आहे एवढं पाहिलं, आणि चालू लागले.

नूराने तासाभरात ससा धरला. अबू सालेमने तो कापला, आपली सुरी पुसून पिकअपच्या पुढच्या कप्प्यात ठेवून दिली, आणि बाबांना खुणेने विचारलं, सोलतोस?  बाबा म्हणाले, आधी जेवू. मी सुटले. इतकी सुटले की हसायलाच लागले. नूराला पळून आल्यावर बांधून ठेवावं लागे, नाहीतर ती पुन्हा दुसऱ्या सशामागे हमरस्त्यापर्यंत जायची. एकदा ट्रकखाली येता येता वाचली होती. अबू सालेमने नायलॉनच्या दोराने तिला पिकअपच्या मागच्या लोखंडी कडीला बांधलं, पाण्याचा डबा पुढे ठेवला, आणि आम्ही तिघं वर काठावर सावलीत बसलो. आईच्या चपात्या, शेंगदाण्याची चटणी, त्याचे खजूर, थर्मासमधला वेलचीचा कडू कहवा. डोक्यावर आभाळ स्वच्छ निळं होतं. तो नमाजाला उभा राहिला. बाबा टोपी तोंडावर घेऊन आडवे झाले.

आवाज आधी आला. लांबून मोठा ट्रक दगडांवरून यावा तसा. मला वाटलं, खरंच ट्रक. बाबा मात्र एका झटक्यात उठून बसले. त्यांना तो आवाज कळला. मग वळणावरून ते आलं. पाण्यासारखं दिसतच नव्हतं. तपकिरी, काड्या-काटक्या, फेस, पुढे ढकललं जाणारं झुडूप. पाऊस डोंगरात, कुठेतरी आमच्या नजरेपलीकडे, सकाळभर पडत असणार. बाबा उतारावरून धावत सुटले. अबू सालेमही नमाज सोडून धावला, पण त्याचा गुडघा दुखरा होता.

बाबा पोचले तेव्हा पाणी अर्ध्या चाकांपर्यंत होतं. नूरा मागच्या मागे दोर ओढत होती, जिवाच्या आकांताने, आणि त्यामुळे गाठ आवळत चालली होती. बाबांनी आधी गाठीला हात घातला. मग तिच्या गळ्याच्या पट्ट्याला. ती इतकी ताणत होती की त्याचं बकल सैल पडेना. पाणी त्यांच्या मांड्यांना लागलं. पिकअपचं दार पाण्याच्या जोराने उघडेना, आतल्या सुरीपर्यंत पोचता येईना. आणि मग बाबांचा उजवा हात कमरेकडे गेला.

मला तेवढंच अगदी हळू आठवतं. हात कमरेवर गेला. अंगठ्याने बटण उघडलं. एवढ्या पाण्याच्या गर्जनेत मला ते ऐकू येणं शक्य नाही, पण मला ते ऐकू आलं. बोटं आत गेली. बाहेर आली. परत आत गेली. बाबांनी मान खाली घालून म्यानात पाहिलं, मग आजूबाजूला पाण्यात पाहिलं, कुठे पडली की काय असं. वर माझ्याकडे पाहिलं का? मला नाही सांगता येणार. मी काठावर उभी होते आणि सुरी पाटावर होती, कुंकू लावलेली, आराम करत.

मग ते दातांनी दोर तोडायला लागले. माझे बाबा, ज्यांचा शर्ट कधी चुरगळलेला पाहिला नव्हता, ते छातीभर पाण्यात वाकून नायलॉनचा दोर चावत होते आणि नूरा त्यांचा कान चाटत होती. अबू सालेम तोवर पोचला होता. त्याने एकदा नूराकडे पाहिलं, आणि बाबांना मागून बखोटीला धरून ओढलं. "खलास! मुहंदिस, खलास!" आमच्याकडे खलास म्हणजे मेलं. मी किंचाळले, "नाही मेली! जिवंत आहे ती!" अरबीत खलास म्हणजे पुरे, सोड आता. तो तिला जिवंत पाहूनच पुरे म्हणत होता. त्याने बाबांना काठावर खेचून आणलं तेवढ्यात पिकअप बाजूवर झाली, सरकली आणि गेली. नूराचं तोंड थोडा वेळ वर दिसलं. ती आमच्याच दिशेला पाहत होती.

परतताना जीपमध्ये अबू सालेम पुढे बसला होता, ओल्या कपड्यांत, हात मांडीवर. त्याला त्याच्या दारात सोडलं. तो उतरला, दोन पावलं गेला, परत आला आणि खिडकीतून हात घालून बाबांच्या ओठांना लागलेलं रक्त आपल्या रुमालाने पुसलं. मग गेला. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "कमरेला हलकं लागत होतं मला. सकाळपासून हलकं लागत होतं."

इथे मी खरं सांगायला हवं होतं. चार शब्द होते. मी ते सांगितले नाहीत, आणि मग त्याहून वाईट केलं. घरी पोचताच मी बाथरूमचं निमित्त करून आत पळाले, पाटावरून सुरी उचलली, कुंकू फ्रॉकला पुसलं, "चप्पल राहिली जीपमध्ये" असं ओरडून खाली गेले आणि सुरी पुढच्या सीटखाली सारली. म्हणजे ती म्यानातून घसरून तिथे पडली असं होईल. म्हणजे कुणी मला विचारणार नाही. संध्याकाळी बाबा चिखल धुवायला खाली गेले. वर आले तेव्हा सुरी त्यांच्या हातात होती. "सीटखाली होती," ते आईला म्हणाले. "तिथेच होती. आणि मी..."  आईने सुरीकडे पाहिलं. मग पाटावरच्या रिकाम्या जागेकडे, जिथे नुसतं कागदाचं फूल पडलं होतं. मग माझ्याकडे.  "चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली.

आरती झाली. त्याच दोन बोटांच्या टाळ्या. मी सोनेरी पानांची ताटली घेऊन बाबांपुढे गेले. त्यांनी एक पान उचललं, माझ्या हातात ठेवलं, डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सोनं घे, सोन्यासारखी राहा." खालचा ओठ सुजलेला होता, त्यामुळे शब्द नीट उमटले नाहीत.

तिसऱ्या दिवशी अबू सालेम खजुराचं खोकं घेऊन आला. बाबांनी त्याला माझ्यासमोर सांगितलं, त्या चाळीस शब्दांत आणि हातांनी. चूक माझी. सुरी गाडीत पडली, मी बघितलं नाही. नूरा माझ्यामुळे गेली. अबू सालेमने त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "खलास, मुहंदिस. खलास." या वेळी मला नीट कळलं. तो पुढेही येत राहिला, आईचा रस्सा खात राहिला, पण रस्सा कोंबडीचा. नवीन सलूगी त्याने पाळली नाही. बाबांनी शिकार सोडली. सुरीला मात्र धार लावायची सोडली नाही. आणि दर नवमीला, आईने सांगण्याआधी, ते स्वतः सुरी आणून पाटावर ठेवायचे. मी त्या वेळी दुसऱ्या खोलीत काहीतरी काम काढायची.

बटणाचा विचार मला पस्तिशीत पडला. मुलाच्या दप्तराचं टिचबटण लावत होते आणि हात तिथेच थांबला. बटण लावलेल्या म्यानातून सुरी पडत नाही. बाबांनी सकाळी ते चाचपून पाहिलं होतं, पाण्यात स्वतःच्या अंगठ्याने उघडलं होतं. इंजिनिअर माणूस. सगळा जन्म बिघाडाचं मूळ शोधण्यातच गेला, त्याला हे सुचलं नसेल? की इतकं दुःख झाल्यावर माणसाला असं काही सुचत नाही? आईला विचारता आलं असतं, पण तोवर ती गेली होती. बाबांना विचारायचं म्हणजे सांगायचं. मी नाशिकला येऊन त्यांच्याजवळ राहिले, त्यांची पथ्यं सांभाळली, औषधांच्या वेळा सांभाळल्या, आणि ते चार शब्द उद्यावर टाकत राहिले.

मग बाबांना झटका आला. वाचा जवळजवळ गेली. डावी बाजू लुळी, नाकात अन्नाची नळी. उजवा हात चांगला होता, तो सारखा नळी उपटायचा, म्हणून त्यांना सांभाळणाऱ्या सुमनताई सुती पट्टीने तो पलंगाच्या दांडीला बांधून ठेवायच्या. मला बघवायचं नाही, पण डॉक्टरांनीच सांगितलेलं. तो हात तरीही स्वस्थ नसायचा. बांधलेल्या जागेवरून तो कमरेकडे जायला बघायचा. पट्टी ताणली जायची, बोटं हवेत उघडायची, मिटायची. सुमनताई म्हणायच्या, "लुंगी सैल करायची असेल." 

ती खंडेनवमी होती. देवघर आता कपाटात नाही, बाहेर हॉलमध्ये आहे. मी पाट मांडला. विळी, कात्री, आणि सुरी. कुंकू लावत होते तेवढ्यात सुमनताईंची हाक आली. फुलपात्र सांडून पट्टी भिजली होती, बाबांनी ओढून ओढून गाठ आवळली होती, आणि मनगट लालभडक झालं होतं. गाठीला नखही लागेना. "ताई, कात्री द्या पटकन!" मी हॉलमध्ये धावले. आरती झालेली नव्हती. मी कात्रीकडे पाहिलंसुद्धा नाही.

पातं पट्टीखाली आडवं घातलं आणि एकदाच ओढलं. बाबांनीच लावलेली धार, पट्टी आवाज न करता सुटली. त्यांचा हात तडक कमरेवर गेला, तिथे चाचपडला, आणि रिकामा तिथेच पडून राहिला. माझं रडणं आवरेना. मी सुरी त्यांच्या हातात दिली, मूठ त्यांच्याकडे करून. मूठ मिटली. अंगठा पात्यावर आडवा फिरला आणि कुंकवाने लाल झाला. त्यांनी तो अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कित्येक आठवड्यांत न फुटलेले शब्द एकेक करून बाहेर आले.

"आता... आणलीस होय."

मी हो म्हणाले. बाबा, मीच ठेवली होती, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, माहीत असलेलं कुणी पुन्हा सांगितल्यावर हलवावी तशी. मग फार प्रयत्नाने, पलंगाच्या कडेवर टेकवून, त्यांनी सुरी बोटांत फिरवली. पातं आपल्याकडे घेतलं आणि मूठ माझ्यापुढे केली.